इंजिनाला हवा तेवढाच ऑक्टेन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोल भरताना साधे आणि प्रीमियम असे दोन पर्याय समोर आले की गाडीवर जीव असलेला माणूस पुष्कळदा महागडा पर्याय निवडतो. गाडीचे भले व्हावे ही त्यामागची भावना प्रामाणिकच असते. पण ज्या इंजिनाची रचना साध्या पेट्रोलसाठी झालेली आहे, त्यात प्रीमियम भरल्याने सहसा ना ताकद वाढते ना मायलेज, आणि ही गोष्ट ग्राहकाला पंपावर कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या दोन पेट्रोलांतला मुख्य फरक ऑक्टेन क्रमांकाचा असतो. हा क्रमांक इंधनातल्या ऊर्जेचे माप नाही. सिलिंडरमधल्या दाबाने आणि उष्णतेने, स्पार्क प्लगच्या ठिणगीची वाट न पाहता, आपोआप पेट घेण्याला इंधन किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. आपोआप सहज पेट न घेणाऱ्या आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि चटकन पेट घेणाऱ्या नॉर्मल हेप्टेन या द्रवाला ० मानून ही मोजपट्टी तयार झाली. ९५ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे या दोहोंच्या ९५ आणि ५ टक्के मिश्रणाइतका विरोध करणारे पेट्रोल. लिटरमागे मिळणारी ऊर्जा साध्या आणि प्रीमियम पेट्रोलांत जवळपास सारखीच असते. इथेनॉल मिसळून ऑक्टेन वाढवलेला असेल तर ती किंचित कमीही भरते, कारण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असला तरी एका लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते.

मग जास्त ऑक्टेन लागतो कुठे? पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते आणि ज्योत पसरू लागते. ती कडेपर्यंत पोहोचण्याआधीच तिथले उरलेले, तापलेले मिश्रण स्वतःहून भडकले, तर दाबाचा तडाखा सिलिंडरच्या भिंतींवर आणि पिस्टनवर बसतो. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबला असता जो टकटक आवाज येतो, तो बहुधा याचाच. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. जोराचे नॉकिंग सतत होत राहिले तर पिस्टनला इजा पोहोचते. ज्या इंजिनांत मिश्रण अधिक दाबले जाते, म्हणजे जास्त कॉम्प्रेशन रेशोच्या आणि अनेक टर्बो (हवा दाबून आत ढकलणाऱ्या) इंजिनांत, हा धोका मोठा असतो आणि तिथे जास्त ऑक्टेनची गरज खरी असते. (टर्बो म्हणजे प्रीमियम, असे समीकरण मात्र करू नये, साध्या पेट्रोलसाठी बनवलेली टर्बो इंजिनेही बरीच आहेत.)

निर्णय मॅन्युअल पाहूनच घ्यावा. ते हाताशी नसेल तर पुष्कळ गाड्यांत टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो. तिथे प्रीमियम ‘आवश्यक’ म्हटले असेल तर काटकसर करू नये. इंजिन दुरुस्तीपुढे ती बचत किरकोळ ठरते. ‘शिफारस’ म्हटले असेल तर साधे पेट्रोल चालते, कारण इंजिनावरचा नॉक सेन्सर कंपने ओळखतो आणि संगणक ठिणगीची वेळ थोडी मागे घेतो. त्यात पिकअप आणि मायलेज थोडे घटते, आणि ते सोसायचे की नाही हे मालकाने ठरवावे. काहीच उल्लेख नसेल किंवा साधेच सांगितले असेल, तर साधेच भरावे. अपवाद एकच लक्षात घेण्याजोगा वाटतो: जुन्या इंजिनात कार्बन साचून नॉकिंग सुरू झाले असेल तर जास्त ऑक्टेनने आवाज थांबू शकतो, पण तिथेही आधी इंजिन तपासून घेणे बरे.

मॅन्युअलमधला आकडा कोणत्या पद्धतीने मोजलेला आहे, हेही पाहायला हवे. बऱ्याच देशांत रिसर्च ऑक्टेन क्रमांक, म्हणजे आरओएन, वापरतात, तर अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या मोजणीच्या दोन पद्धतींनी आलेल्या क्रमांकांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथले ८७ हे साधारण ९१ ते ९२ आरओएनच्या बरोबरीचे असते. हे ठाऊक नसलेला माणूस विनाकारण घाबरतो किंवा विनाकारण निर्धास्त राहतो.

इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचा मुद्दा वेगळा आहे. ती इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह यांवर साचणारा थर रोखतात आणि त्यांचा उपयोगही होतो, परंतु ती साध्या पेट्रोलमध्येही घालता येतात. ऑक्टेन वाढला म्हणून पेट्रोल अधिक स्वच्छ होत नाही. जाहिरातींत मात्र या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात आणि ग्राहकाची गल्लत होते.

म्हणून इंधन कंपन्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी प्रत्येक पेट्रोलच्या नावाशेजारी त्याचा ऑक्टेन क्रमांक आणि मोजण्याची पद्धत ठळक अक्षरांत लिहावी आणि स्वच्छता करणाऱ्या रसायनांची माहिती त्याखाली स्वतंत्र ओळीत द्यावी. आपल्या वाहनविषयक पानावरही नव्या गाडीची ओळख करून देताना तिला प्रीमियम आवश्यक आहे, शिफारस केलेले आहे की मुळीच लागत नाही, हे नमूद केले जावे.

आपला,
एक वाहनचालक वाचक