अफूची वही ठेवणारा आणि अफू विकणारा एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रह्मदेशात अफू ओढणाऱ्यांची नोंदणी करून ब्रिटिशांनी व्यसनाला आळा घातला, असा सूर आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या लेखात आहे. तो मला अजिबात पटला नाही. मी दारूबंदी खात्यात कारकून होतो आणि परवान्यांची रजिस्टरं माझ्याच टेबलावर असत, म्हणून हे पत्र.

१८९४ पासून दक्षिण ब्रह्मदेशात पंचविशी ओलांडलेल्या आणि आधीपासून व्यसनी असलेल्या बर्मी माणसांचीच नावं वहीत चढवली गेली. सरकारमान्य दुकानात अफू मिळायची ती त्यांनाच. जुनी नावं एकेक करून गळतील आणि व्यसन आपोआप संपेल, असा हिशेब होता. पण तिथल्या चिनी आणि भारतीय रहिवाशांना ही नोंदणी लागू नव्हती. दुकान तेच, माल तोच. घेणारा एक आणि ओढणारा दुसरा. हे वहीला दिसणार कसं? आमच्या खात्यातल्या रजिस्टरांतही मयत इसमाच्या नावावर महिनोन्‌महिने माल उचलला गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. त्या नावावर लाल शाईची रेघ मारायची तर घरच्यांनी येऊन सांगावं लागतं, आणि ते कशाला येतील?

ब्रिटिशांनी पदच्युत करून रत्नागिरीला ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या राज्यात बर्मी प्रजेला अफूची मनाई होती. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

लेखात आसामचं नाव नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. १८६० मध्ये सरकारने तिथे रयतेला खसखशीची, म्हणजे अफूच्या झाडाची, लागवड बंद केली, पण स्वतःची अफू विकणं चालूच ठेवलं. पुढच्याच वर्षी आसामातल्या फुलागुडीच्या शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यामागे ही बंदी होती आणि नव्या करांची धास्तीही होती. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) मते औषधापुरती अफू म्हणजे दहा हजार माणसांमागे वर्षाला ६ शेर. आसामातल्या अफूची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या समितीने १९२५ मध्ये अहवाल दिला तेव्हा आसामची सरासरी ५२ शेरांच्या घरात होती. पासावर अफू देऊन दरसाल वाटा घटवण्याचं धोरण आलं, तेही कायदेमंडळातल्या लोकप्रतिनिधींनी रेटा लावल्यावर. बंदीची खरी मोहीम १९३९ मध्ये गोपीनाथ बार्दोलाई यांच्या मंत्रिमंडळाने काढली.

नोंदणी वाईट, असं मी म्हणत नाही. पण वही ठेवणाऱ्याची तिजोरी त्याच मालाच्या विक्रीवर भरत असेल, तर तो नावं कमी करायला मनापासून धडपडणार नाही. लेखकांनी ब्रह्मदेशातल्या नोंदणीची माहिती दिली, पण अफूचं उत्पन्न कुणाच्या खात्यात जमा होत होतं याचा एका ओळीतही उल्लेख केला नाही. पुढच्या भागात तो यावा आणि आसामच्या चौकशी समितीवरही सविस्तर लिहावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कारकून