एमआरआय नॉर्मल, म्हणजे सगळं ठीक?

रविवारच्या पुरवणीतला पक्षाघातावरचा लेख वाचला, चांगलाय, पण त्यातलं 'एमआरआय स्वच्छ म्हणजे मेंदू शाबूत' हे काही पटलं नाही. मेलेला भाग एमआरआयत दिसतो, पण आजूबाजूला रक्त कमी पडून तुरळक चेतापेशी गेल्या असतील तर ते सुटू शकतं. फ्लुमाझेनिल नावाचं औषध चेतापेशींवरच्या रिसेप्टरला (रसायनं जिथे चिकटतात त्या जागेला) चिकटतं, या औषधात किरणोत्सारी कार्बन-11 घालून पेट (PET) स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ शरीरात कुठे किती जमलाय ते दाखवणारा स्कॅन, केला की जिथे पेशी कमी तिथे सिग्नल कमी. अर्थात कार्बन-11 चं अर्धायुष्य 20 मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात तो निम्माच उरतो, हडपसरहून कोथरूडला नेईपर्यंतच निम्म्याहून जास्त संपायचं! पेशंट चालायला लागतो पण विसरतो, चिडतो, आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून घरचे त्यालाच बोल लावतात, याचं फार वाईट वाटतं. पुढच्या लेखात न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना जरूर बोलतं करा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे