मनू, तुझ्या गेमबद्दल

मनू,

पोचलीस ना नीट? बाबा म्हणाले आता त्या विषयावर तिला काही लिहू नकोस, मी पण ठरवलं होतं की डबा खाल्लास का एवढंच विचारायचं, पण चिडून न जेवता गेलीस ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. सगळं वाच, मध्येच रिप्लाय टाकू नकोस.

शेतकऱ्याच्या आत्महत्येवर गेम नकोच असं मी म्हटलं नव्हतं. पोलंडवाल्यांचा तो धिस वॉर ऑफ माइन तूच मला दाखवलास, बोस्नियाच्या युद्धातल्या साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला, खेळणारा त्यात सैनिक नाही, पडक्या घरात अडकलेली साधी माणसं, खायला काय आणायचं आणि औषध कोणाला द्यायचं. 2020 ला तिथल्या सरकारने तो शाळांच्या वाचनाच्या यादीत घ्यायचं जाहीर केलं हेही तूच सांगितलंस आणि मला ते पटलं होतं. आपल्याकडे पेपरात आकडा येतो आणि लोक पान उलटतात, तुझ्या गेममध्ये माणूस तासभर तरी त्या घरात बसेल. ती काळी जमीन, बांधावरची बाभूळ, गोठ्यातली जोडी, किती हुबेहूब केलंस गं, मी बाबांना हाक मारून दाखवलं की पुण्यात बसून काढलंय पोरीने.

पण मग ती यादी आली स्क्रीनवर. पैसे कुठून आणायचे: बँक, सावकार, बायकोची पोत. एक निवडा. चुकलं की स्क्रीन काळी आणि खाली 'पुन्हा खेळा'. पोटात गोळा आला माझ्या.

आपल्या संजूमामाने जीव दिला, त्याने काय चुकीचं निवडलं होतं सांग मला. बियाणं सगळ्या गावाने घेतलं तेच, फवारण्या वेळेवर, निंदण वेळेवर. आणि 2017 ला बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी खाल्लेली, कापूस पिवळा पडलेला. ज्याने नीट शेती केली त्याचंही गेलं, नाही केली त्याचंही गेलं. पण तुझ्या गेममध्ये खेळणाऱ्याला वाटणार की सावकाराऐवजी बँक दाबलं असतं तर वाचला असता. तेरवीला बायका मामीला हेच म्हणत होत्या, माहेरी गेलीच कशाला, पोत आधीच मोडायची होती. तू बारावीला होतीस, तुला आम्ही तिथे थांबू दिलं नाही, म्हणून तुला माहीत नाही. मामीने ते सगळं ऐकलंय. आणि आता कोणीतरी मोबाइलवर दुसरं बटन दाबून तिचा नवरा वाचवून दाखवणार, मग तिने काय समजायचं?

तू म्हणालीस की अमेरिकेतल्या त्या आईबापांनी केलाच ना पोराच्या कॅन्सरवर गेम. केला, दॅट ड्रॅगन, कॅन्सर, बघताना मी रडले. पण ग्रीन नवराबायकोंनी तो स्वतः केला, त्यांचा पोरगा जोएल जिवंत असताना सुरू केला, 2014 ला पोर गेलं आणि 2016 ला गेम आला. आणि त्यात काहीही दाबलं तरी जोएल वाचत नाही. कोणाची चूक नाही, हे मला तिथे कळलं. तुझ्यात ते कळत नाही मनू, तुझ्यात चूक सापडते.

मरणानंतरचं का नाही घेत? तलाठी येतो, पंचनामा होतो, मग प्रकरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र. सातबारा आजोबांच्या नावावर म्हणून मामा अपात्र ठरला, मदतीचे ते एक लाख पण मामीला मिळाले नाहीत. ती कागदं घेऊन मामीसारख्या चकरा मारायला लाव खेळणाऱ्याला. मामा कसा गेला ते मात्र अजिबात दाखवू नकोस. आणि शेवटी 14416 टाक, टेलीमानसचा, त्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, तो काळ्या स्क्रीनवर मोठा दिसला पाहिजे.

बघ, परत शिकवायला लागले. सॉरी बेटा. तुझं काम तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. टीव्हीला लावायचा तो कॅसेटवाला गेम मामानेच आणला होता तुला वर्ध्याहून, लोडशेडिंगच्या टायमाला लाइट यायची वाट बघत तुम्ही दोघं टीव्हीसमोर बसून राहायचात, आजी ओरडायची की जावयाच्या घरी येऊन पोरीला बिघडवतो. आज असता तर अख्ख्या गावाला सांगत फिरला असता माझी भाची गेम बनवते म्हणून. रात्री-रात्री तू एकटी त्या शेवटच्या सीनवर बसतेस याचीही मला भीती वाटते, पण ते जाऊ दे.

मला सारखी मामीच दिसते. त्या हेलब्लेड गेमवाल्यांनी केंब्रिजचे डॉक्टर घेतले, ज्यांना खरंच डोक्यात आवाज ऐकू येतात ती माणसं सोबत घेतली, असं तूच कौतुकाने सांगत होतीस. मग मामीला का नाही विचारलंस? ती म्हणेल 'मले काय समजते त्यातलं', तरी विचार. मी तिला काही बोलले नाहीये, फोन तूच कर. आधी सांग की मामाबद्दल आहे, मग विचार दाखवू का. नाही म्हणाली तर तो मामा नको, ते गाव नको, ती जोडी पण नको, दुसरं काहीतरी कर. हो म्हणाली तर लॅपटॉप घेऊन ये, मी पण येते तुझ्याबरोबर तिच्याकडे.

आई