टिपर आणि राजासॉरस

डिचोली, शनिवार

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

थिवीला गाडी हलली तेव्हा तू हात केलास आणि मी पाण्याच्या नळाकडे बघत राहिलो. आई वाटभर बोलली नाही.

आदल्या रात्री तू डायनासोरांच्या हाडांचाच अभ्यास करणार म्हणालीस, तेव्हा मी रागाने बोललो नव्हतो. 'टी-रेक्सच्या हाडांवर घर चालेल का?' एवढंच विचारलं, तर तू ताट सोडून उठलीस. टी-रेक्स नव्हे, राजासॉरस, आपल्याकडचा डायनासोर. आता पाठ झालंय. वंशवृक्षावर टी-रेक्सची फांदी कोंबड्यांच्या जवळची, राजासॉरसची लांबची. त्याचे भाऊबंद मादागास्करात आणि अर्जेंटिनात, कारण एके काळी या सगळ्या जमिनी एकत्र होत्या. मग वाटण्या झाल्या आणि आपला तुकडा एकटाच उत्तरेला निघाला. आजीला हे सांगितलं तर म्हणते, 'म्हणजे आपल्या काशीच्या पोरांसारखंच.'

पण एक गोष्ट मनातून जात नाही. गुजरातेत रैयोलीला त्याची हाडं सापडली १९८२ ते १९८४च्या दरम्यान, नाव मिळालं २००३ला. कपाळावर शिंग असलेला, सहा-सात मीटर लांबीचा राजा, साडेसहा कोटी वर्षांहून जुना, आणि वर आणल्यावरही वीस वर्षं बिननावाचा! तोवर खोदणाऱ्यांच्या चुली कशा पेटत होत्या? ते सरकारी भूवैज्ञानिक होते, असं तू म्हणशील. तू कुठे सरकारी आहेस?

२०१२ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. खनिज वाहणारा आपला टिपर दोन वर्षं फणसाखाली उभा होता, सीटवर मांजरीने पिल्लं घातली, हप्ते मात्र चालूच. जमिनीखालच्या वस्तूवर पोट ठेवू नये, बाय. आज मिळते, उद्या कोणीतरी कागद दाखवतो आणि... बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर.

तेव्हा तू आठ वर्षांची. हौद्यात उरलेले खनिजाचे दगड बिस्किटांच्या डब्यात भरायचीस आणि प्रत्येकाला नाव द्यायचीस. एकाचं नाव 'पप्पा', सगळ्यात जड म्हणून. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या लाव्हाचा झाला, तो राजासॉरसच्याच काळात उसळत होता, हे तू परवा सांगितलंस. शेजाऱ्यांना मीही सांगून टाकलं, जरा मिरवूनच.

उन्हात टोपी घाल. कालच तो डबा शोधला. आजीने त्यात सोलं भरली होती, दगड खाली तळाशी. खिडकीत मांडलेत. 'पप्पा' कुठला ते ओळखता येईना.

तुझे पप्पा

ता. क. बी. एड.चे फॉर्म महिनाअखेरपर्यंत आहेत. नुसतं कळवतो.