दिवाळीला मुलकीच!

सांगली,
ऑगस्टअखेर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीत सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत जाणं, शिकायला कोवलमलाच जाऊ म्हणून तू इतकं भरभरून लिहिलंयस की दोन दिवस माझंही मन तिकडेच ओढ घेत होतं. पण सगळ्या बाजूंनी विचार करून मी मंगळूरजवळच्या मुलकीवर येऊन थांबलोय. का ते सांगतो, पटलं नाही तर भांड.

चेन्नईजवळच्या त्या कोवलमबद्दल तू लिहिलंस त्यातलं काहीच खोडत नाही. मूर्ती मेगवन या कोळ्याच्या पोरानं २०१२ मध्ये तिथं सर्फिंगची शाळा उभी केली आणि गावातल्या मुलांना शिकवताना दारू-सिगारेटला हात लावायचा नाही अशी अट घातली. त्सुनामी सोसलेल्या किनाऱ्यावर कोळ्यांची पोरं आज त्याच समुद्रात बोर्डवर उभी राहतात, याचं मला फार अप्रूप आहे. शिवाय महाबलीपुरम अवघ्या वीसेक किलोमीटरवर. तुझी चित्रकलेची वही तिथंच भरायची, हे मला कळतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धा महाबलीपुरमलाच झाली आणि आपल्या भारताच्या रमेश बुदिहाळनं कांस्यपदक मिळवलं, ते वाचून मी तुला रात्री फोन केला होता, आठवतंय ना?

पण गड्या, आपण जाणार दिवाळीत. चेन्नईकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरातला. परतीचा मान्सून आणि बंगालच्या उपसागरातली वादळं, दोन्ही त्याच दिवसांत. २०१५ चा चेन्नईचा पूर आला तोही नोव्हेंबर-डिसेंबरातच. तो समुद्र शिकलेल्यांना खुणावत असेल, पण आपल्यासारख्या नवख्यांनी त्या दिवसांत त्याच्या वाटेला जाऊ नये. पश्चिम किनाऱ्यावर नेमकं उलट. जून ते सप्टेंबर खवळलेलं पाणी ऑक्टोबर सरता सरता निवळतं, लाटा लहान आणि शिस्तीत येतात. शिकायला तेच हवं.

मुलकीचा अनुभव तुला तोंडी सांगितला होता, पण घाईत. कामासाठी मंगळूरला गेलो होतो तेव्हा एक सकाळ काढून तिथं गेलो. शांभवी नदी जिथं समुद्राला मिळते तिथली वाळूची पट्टी. शिकवणाऱ्यानं आधी पाण्यात जाऊच दिलं नाही. वाळूवर बोर्डची आकृती काढली, तिच्यावर पालथं झोपवलं आणि छातीखाली हात टेकून एका झटक्यात पायांवर यायला लावलं, पुन्हा पुन्हा, मांड्या भरून येईपर्यंत. मग फोमचा मऊ, लांबलचक बोर्ड दिला. त्याची दोरी घोट्याला वेल्क्रोनं बांधतात, म्हणजे पडलास तरी बोर्ड हातचा जात नाही. कमरेइतक्या पाण्यात तो मागे उभा राहिला, फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस जवळ येताच बोर्डची शेपटी ढकलली आणि ओरडला, "अप!" मी उभा राहिलो. किती वेळ, देव जाणे. पण पायाखालून समुद्र तुला किनाऱ्याकडे नेतोय आणि तू काहीच करत नाहीयेस, ते जे काही आहे ना, ते तुला मिळावं म्हणून मी एवढा मागे लागलोय.

आपण दोघं कृष्णेत पोहायला शिकलेले. पण पाण्याची भीती नाही म्हणून समुद्राची नसावी असं होत नाही. नदीची ओढ एकाच दिशेची, समुद्र आत ओढतो, बाहेर टाकतो. आत नेणाऱ्या प्रवाहात सापडलास तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. आयर्विन पुलाखाली पुराच्या पाण्यात धारेला तिरकं काढायचं असतं हे तुला सांगायला नको, त्यामुळं हे तुझ्या अंगवळणी लवकर पडेल.

दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की लाटा विस्कटतात, म्हणून सर्फिंग सकाळचं. मग उरलेला दिवस? मुलकीला करमणूक म्हणशील तर जवळजवळ नाहीच. जॅक हेब्नर या अमेरिकन साधकानं २००४ मध्ये तिथं आश्रम आणि सर्फ क्लब एकत्रच सुरू केला, तिथला शिरस्ता शाकाहार, दारू वर्ज्य, लवकर झोपणं. तुझ्या सुरमईची सोय गावात होईल. बाकी नीर डोसा, मंगळूर बन्स, आणि शांभवीकाठचं बप्पनाडूचं दुर्गापरमेश्वरीचं देऊळ. ते देऊळ एका मुसलमान व्यापाऱ्यानं बांधलं अशी तिथली कथा आहे. देवळाच्या आवारात बसून चित्रं काढ की! तुझ्या आईच्या आजारपणानंतर तुला गर्दीची नाही, झोपेची गरज आहे असं मला मनापासून वाटतं. कोवलमला पर्यटकांची वर्दळ असते, शनिवार-रविवारी तर चेन्नईच येऊन बसते.

प्रवासाचंही बघ. पूर्णा एक्सप्रेस मिरजेवरून लोंढा, मडगाव करत कोकण रेल्वेनं मंगळूरकडे जाते. आठवड्यातून एकदाच आहे, पण गाडी बदलायची कटकट नाही. उडुपीला उतरून पुढं बस. कोवलमला आधी सोलापूर नाहीतर बेंगळुरू गाठा, मग चेन्नई, तिथून पुढं परत टॅक्सी.

कोवलम मी सोडून देत नाहीये. आधी मुलकीला धड उभं राहायला शिकू, मग पुढच्या वर्षी पावसाळ्यात, आपल्याकडचा समुद्र बंद असेल तेव्हा, तिकडं जाऊ. स्पर्धा असेल तर तीही बघू आणि महाबलीपुरमला तुला हवे तितके दिवस राहू. हा माझा शब्द.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि दिवाळीची तिकिटं लगेच संपतात, तेव्हा रविवारपर्यंत काय ते कळव. आईला नमस्कार सांग. त्यांच्यासाठी भडंग पाठवतोय, तिखट कमी असलेलं.

तुझाच,
बाळ्या