आंबेनळी घाटाला एकच धनी द्या

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

सावित्रीच्या खोऱ्यातून देशावर जायचं तर आम्हाला आंबेनळी घाट चढावा लागतो. पोलादपूर सोडलं की वळणं सुरू होतात, प्रतापगडाखालचं कुंभरोशी मागे पडतं आणि महाबळेश्वरवरून रस्ता वाईला उतरतो. इंग्रजांच्या काळात हा फिट्झगेराल्ड घाट होता. आज याच रस्त्यावर एसटी, भाजीचे टेम्पो आणि पर्यटकांच्या बस धावतात.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली. ३० माणसं गेली, एकच वाचला. तेव्हा मजबूत कठड्यांची मागणी झाली आणि ती रास्तच होती. पण साहेब, कठडा ज्या भरावावर उभा करायचा, तो भरावच पावसात टिकत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा घाटातला रस्ता जागोजागी खचला, वाहून गेला. त्याच पावसात आमच्या तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या. ती घरं आम्ही विसरलेलो नाही.

या घाटाचं खरं दुखणं पाणी आहे. माथ्यावरचा जांभा पाणी पितो आणि खालच्या काळ्या कातळाच्या थरांमधून ते बाहेर पडतं. डोंगराकडचं गटार एका लहानशा दरडीनेही बुजतं. मग पाणी रस्ता ओलांडून दरीकडच्या भरावात शिरतं, वरून डांबर शाबूत दिसतं आणि खालची माती निघून गेलेली असते. जेसीबी येऊन दरड उचलतो, वाहतूक सुरू होते. रस्त्याखालून पाणी नेणारी बुजलेली मोरी मात्र तशीच राहते.

घाटाचा खालचा भाग रायगडात, वरचा साताऱ्यात. पाण्याला ही हद्द ठाऊक नाही. म्हणून संपूर्ण घाटाची जबाबदारी एकाच कार्यकारी अभियंत्याकडे द्या. मोऱ्या आणि गटारं मे अखेरपर्यंत साफ झाली पाहिजेत, आणि पावसाळाभर दोन्ही टोकांना माणसं व यंत्रं मुक्कामी हवीत. घाट बंद करायचा असेल तर जरूर करा, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र आदेश दोन्ही जिल्ह्यांत एकाच वेळी निघावा आणि फलक महाड व वाईलाच लागावा. अर्ध्या घाटातून माघारी फिरलेल्या गाडीला ताम्हिणी नाहीतर कुंभार्लीचा मोठा वळसा पडतो, कारण वरंध घाटही पावसात बहुधा बंदच असतो. त्या गाडीत एखादा आजारी माणूसही असू शकतो.

येत्या मे महिन्यात दोन्ही जिल्ह्यांचे अभियंते सोबत घेऊन आपण स्वतः हा घाट पाहावा, एवढी विनंती. कुठली मोरी दरवर्षी तुंबते, ते गावकरी जागेवर दाखवतील.

आपला,
पोलादपूर तालुक्यातील एक रहिवासी