सोळा रोलर

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

परवा फोनवर माझ्या ऑक्टाव्हियाच्या नव्याने जोडलेल्या इंजिनाबद्दल तू पहिलाच प्रश्न विचारलास, "किती बीएचपी निघाली?", म्हणजे ताकद किती, आणि मी "निघाली चांगली" म्हणून विषय दुसरीकडे नेला. तुझ्यापासून काही लपवायचं नव्हतं. पण त्या आकड्यामागे सहा महिन्यांचं काम आहे, तुझे अण्णा आहेत, आणि पुण्याहून करून आणलेलं आणि मग मीच काढून टाकलेलं इंजिनाच्या संगणकाचं एक ट्यूनिंग आहे. पाच मिनिटांच्या फोनवर ते सांगता आलं नसतं. आज सुट्टी आहे, घरात शांतता आहे, म्हणून बसून लिहितो.

२००४ सालची जालना रोडवरची संध्याकाळ तुला आठवत असेलच. तुझ्या स्प्लेंडरवरून आपण ट्रेनीची ड्युटी संपवून परत येत होतो आणि शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यासमोर ऑक्टाव्हिया आरएस उभी दिसली. तू गाडी बाजूला घेतलीस. १७८१ सीसीचं पेट्रोल टर्बो इंजिन, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन हवा आत घेणारे आणि दोन धूर बाहेर टाकणारे, १५० बीएचपी. आपल्याकडे तेव्हा टर्बो म्हटलं की लोकांना डिझेलच आठवायचं. आपल्याच गावात जुळणी होणारी गाडी, आणि आपल्या पगारात तिचं एक चाकही बसत नव्हतं. अर्धा तास तरी आपण तिथे उभे होतो.

तीच गाडी दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका गृहस्थांकडून मला मिळाली, हे तुला ठाऊक आहे. कागद स्वच्छ होते, पत्रा सरळ होता. पण चढावर ऑइलचा दिवा लुकलुकायचा. सेन्सर असेल असं समजून मी काही दिवस काढले. मग जूनमध्ये इंजिनाखालचं ऑइलचं भांडं उतरवलं. तळाला करपलेल्या काकवीसारखा काळा थर होता, आणि ऑइल वर ओढणाऱ्या नळीची जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली. या इंजिनात टर्बो ऑइलला चांगलंच भाजून काढतो. त्याला ५०२ मानांकनाचं सिंथेटिक ऑइल लागतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं. आधी कुणीतरी साधं ऑइल घालून गाडी वर्षानुवर्षं पळवलेली. जाळी बुजली की पंपाला ऑइल मिळत नाही, आणि पहिला मार बसतो तो बेअरिंगला आणि टर्बोला. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची शेल काढली तर ती झिजून आतलं तांबं दिसायला लागलेलं. आणखी एक घाट चढलो असतो तर रॉड ब्लॉकमधून बाहेर आला असता.

मग अर्धवट काम करण्यात अर्थच नव्हता. इंजिन बाहेर काढलं.

चिकलठाणा एमआयडीसीत एक बोअरिंगवाले आहेत. बोलतात कमी, मापं जास्त घेतात. त्यांनी चारही बोअर, म्हणजे सिलिंडरची भोकं, वर, मध्ये, खाली, आडवे-उभे असे मोजले. झीज मर्यादेत निघाली, म्हणून बोअर न वाढवता फक्त होनिंग केलं, म्हणजे आतल्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा पाडून घेतल्या. त्या तिरक्या रेघा उजेडात धरून बघताना मला लहान मुलासारखा आनंद झाला. क्रँकला नशिबाने ग्राइंडिंग लागलं नाही, पॉलिशवर भागलं. हेडचं फेसिंग, वीसच्या वीस व्हॉल्व्हचं लॅपिंग, नवीन सील. टर्बोचा मधला भाग नवीन बसवला आणि त्याला ऑइल देणारी नळी बदलली. जुनी नळी आतून कोळशाने इतकी भरली होती की तिच्यातून शिलाईची सुई गेली नसती. प्लॅस्टिकच्या पंख्याचा पाण्याचा पंप काढून धातूच्या पंख्याचा घेतला, कारण हा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो आणि त्याच्यापर्यंत पोचायचं तर निम्मी गाडी उघडावी लागते. आणि तू श्टुटगार्टहून पाठवलेली ऑइलची पिकअप नळी. ती मी बसवायच्या दिवसापर्यंत पिशवीतून काढलीच नव्हती.

आता अण्णांबद्दल.

इंजिन उघडल्याचं काकूंकडून त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ते रिक्षाने शेडवर हजर. त्यानंतर खाडा नाही. एसटीच्या चिकलठाणा वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, संगणकावर चालणाऱ्या इंजिनात त्यांना काय गोडी वाटणार, असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गप्प बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नट-बोल्ट डब्यात एकत्र टाकू नकोस. ज्या भोकातला, त्याच भोकात." तिसऱ्या दिवशी येताना पुठ्ठा घेऊन आले, त्यावर हेडचं चित्र काढलं आणि बोल्ट खोचायला भोकं पाडून दिली. आणि एक वही. तारीख, किलोमीटर, काय काढलं, काय घातलं. एसटीत लिहायचे तशीच, त्याच अक्षरात.

खंडेनवमीला शेडमध्ये पाट मांडून आपण हत्यारांची पूजा केली. आपण म्हणजे मी आणि अण्णा, पण तू तिथे असल्यासारखाच वाटलास. टॉर्क रेंचला त्यांनी स्वतः हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल वाहिलं. दसऱ्यानंतर जोडणी सुरू. पिस्टनच्या रिंगा बोअरमध्ये घालून फिलर गेजने फट मोजायची, कमी असेल तर घासायची. टर्बोची उष्णता जास्त, रिंग तापून फुलते, फट कमी पडली तर टोकाला टोक भिडून पिस्टनच फुटतो. वरची रिंग मी ०.४० मिलिमीटरवर ठेवली. अण्णांचा मोतीबिंदू काढलाय, पण गेजचं पान फटीत सरकताना किती अडतंय हे ते डोळे मिटून सांगायचे, आणि मायक्रोमीटर त्यांच्याशी सहमत व्हायचा.

हेडचे बोल्ट टॉर्क लावून झाले की नंतर दोनदा नव्वद-नव्वद अंश फिरवायचे असतात. ते मुद्दाम ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे. अण्णांना हे सुरुवातीला पटेना. चांगला बोल्ट फेकायचा? मी जुना आणि नवा शेजारी उभे करून लांबी दाखवली. त्यांनी दोन्ही बोटात फिरवून पाहिले आणि वहीत लिहिलं, "हेड बोल्ट सर्व नवीन."

आणि मग तो प्रसंग, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. या इंजिनात टायमिंग बेल्ट फक्त एक्झॉस्टचा कॅम, म्हणजे धूर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवतो. इनटेकचा, म्हणजे हवेच्या व्हॉल्व्हचा, कॅम दुसऱ्या टोकाला एका छोट्या साखळीने त्याला जोडलेला असतो. जोडताना दोन्ही कॅमच्या खुणांमध्ये साखळीचे बरोबर सोळा रोलर यावे लागतात. मी मोजले, सोळा. झाकण लावायला घेतलं. अण्णा म्हणाले, "थांब, मला मोजू दे." नखाने एकेक रोलर दाबत त्यांनी मोजले आणि म्हणाले, "पंधरा." मी पुन्हा मोजले. पंधरा. पहिला रोलर मी दोनदा धरला होता. एका दाताचा फरक. गाडी कदाचित सुरू झाली असती, पण कधीच नीट चालली नसती, आणि मी सहा महिने सेन्सर बदलत बसलो असतो. ते काहीच बोलले नाहीत. टेन्शनर दाबून धरला, मी साखळी काढून पुन्हा बसवली, आणि त्यांनी परत मोजले. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: "१६. दोघांनी मोजले."

पाडव्याच्या सकाळी इंजिन सुरू केलं. आधी टर्बोत हाताने ऑइल ओतलं, कॉइल आणि इंजेक्टर सोडवून ठेवले आणि नुसता स्टार्टर थोडा थोडा थांबत फिरवला, ऑइलचं प्रेशर येईपर्यंत. मग सगळं जोडून चावी फिरवली. टॅपेट थोडा वेळ टकटकले आणि ऑइल भरल्यावर शांत झाले. अण्णांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून चारही जागा ऐकल्या. मग आधी काकूंना फोन लावला आणि नंतर तुला. तुझ्याकडे तेव्हा पहाट होती.

पुढचे बाराशे किलोमीटर रिंगा बसवण्यात गेले. एका वेगात रमायचं नाही, उगाच आयडलवर ठेवायची नाही, चढावर मध्यम जोर द्यायचा आणि उतारावर गाडी इंजिनवरच रोखायची. दोनदा ऑइल बदललं. पहिलं पन्नास किलोमीटरला.

मग पुण्याला डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर. आता तुझा आकडा. पहिल्या ट्यूनिंगमध्ये १९४ बीएचपी निघाली. टॉर्क २७०० आरपीएमला २८५ न्यूटनमीटर. मूळ गाडीचा टॉर्क २१०, म्हणजे विचार कर. कागद हातात घेऊन मी वेड्यासारखा खूश होतो.

दुसऱ्या रविवारी पहाटे एकटाच कन्नडच्या औट्रम घाटात गेलो. धुकं, ओला रस्ता. वळणातून बाहेर पडताना पाय किंचित दाबला की सगळा टॉर्क एकदम आदळायचा, पुढची चाकं घसरायची, स्टीअरिंग हातातून ओढलं जायचं. आणि ५००० च्या पुढे दम संपलेला, कारण टर्बो लहान आहे, तो वर तेवढी हवा देऊच शकत नाही. वर पोचल्यावर लॅपटॉपमधली नोंद पाहिली. ब्लॉक ०२० मध्ये, म्हणजे इग्निशन किती मागे ओढलं जातंय ते दाखवणाऱ्या रकान्यात, दोन सिलिंडरचं इग्निशन सहा-सहा अंश मागे आलेलं. म्हणजे नॉकिंग होत होतं, पेट्रोल सिलिंडरमध्ये आपोआप भडकत होतं, आणि इंजिनचा संगणक बिचारा स्वतःला सावरत होता. हे डिसेंबरच्या थंडीत. एप्रिलमध्ये आपल्याकडे बेचाळीस अंश असतात. टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात आहे, त्याला घाटात वाराच मिळत नाही. आणि या इंजिनाचे रॉड बारीक आहेत. कमी आरपीएमला असा दणका रोज बसला तर ते वाकतात.

परत पुण्याला गेलो आणि तेच मुद्दे मांडले. ट्यूनिंग करणारा मुलगा समजूतदार होता, त्याने वाद घातला नाही. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, हळूहळू चढवायचा, २४०० ते ५००० पर्यंत टॉर्क सपाट ठेवायचा, आणि इग्निशनमध्ये उन्हाळ्यासाठी जागा सोडायची. पेट्रोलचाही विचार करावा लागला. आता पंपावर ई-२० असतं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, पण त्याच्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे इंजेक्टरला जास्त इंधन सोडावं लागतं, आणि जुने रबरी होज ते सोसत नाहीत. होज मी सगळे आधीच बदलले होते. जास्त ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल प्रत्येक गावात मिळत नाही, म्हणून साध्या पंपाचं पेट्रोल भरूनच ट्यूनिंग करून घेतलं. शेवटचा आकडा १६८ बीएचपी, २३८ न्यूटनमीटर. त्याच घाटात परत गेलो. ब्लॉक ०२० मध्ये जवळपास शून्य. ब्लॉक ११५ मध्ये मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट एकमेकांवर रेघ ओढल्यासारखे. आणि वळणातून गाडी माझ्या पायाचं ऐकत बाहेर आली. १९४ वाली गाडी मला एकदाही आवडली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

बाकीचं थोडक्यात. ब्रेकच्या डिस्क, होज, पॅड आणि फ्लुइड नवीन. शॉक अॅब्सॉर्बर आणि बुश नवीन, पण उंची मूळचीच. गाडी खाली बसवायचा मोह झाला होता, पण आपल्याकडचे स्पीडब्रेकर पाहता तो विचार सोडला. रंग मूळचा, इंजिनचा ब्लॉक आणि नंबर मूळचे, आरसीवरच्या नोंदीत काहीच फरक नाही. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, या २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मला तिथे कसलीही मोकळीक घ्यायची नव्हती. आरसीची मुदत २०२९ पर्यंत आहे.

काल अण्णांना पहिल्यांदा शेजारी बसवून नेलं. घाटात जड वाहनांना बंदी असल्यामुळे रस्ता मोकळा होता. उतरून चाळीसगावच्या बाजूला चहा घेतला आणि परत चढलो. अर्ध्या चढावर ते म्हणाले, "जरा दाब." दाबला. त्यांचा हात वरच्या हँडलकडे गेला नाही, गुडघ्यावरच राहिला. वर आल्यावर मी शेवटचा किलोमीटर हळू घेतला, टर्बो थंड व्हावा म्हणून. त्यांनी विचारलं नाही, त्यांना कळलं होतं. घरी सोडल्यावर वही मागून घेतली आणि लिहिलं, "कन्नड घाट. आवाज ठीक. ऑइल ५००० ला बदलणे."

फेब्रुवारीत येशील तेव्हा इनटेकखालचा ब्रीदर होज घेऊन ये. इथे मिळालेला नीट बसत नाही, मी सध्या क्लिप लावून भागवलंय. पार्ट नंबर वेगळा पाठवतो. आणि त्याआधी अण्णांना एक फोन कर. सोळा रोलरचं त्यांच्या तोंडून ऐक. मी तुला आधीच सांगितलंय, हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
शेंद्र्याच्या गेटावरचा सोबती